आठ सेंटीमीटरची खिडकी

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आमच्या शिवारात किती विहिरी खोदल्या ते त्यांनाही सांगता यायचं नाही, पण आमची स्वतःची एकही नव्हती. आई दुसऱ्याच्या विहिरीवर हंडा घेऊन रांगेत उभी राहायची, आणि ती विहीर बहुतेक वेळा दादांनीच खोदलेली असायची. आमच्या घरात खोली परसात मोजत. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. दादा दिवस मावळताना मुरमानं पांढरे झालेले केस झटकत उंबऱ्यात बसायचे आणि सांगायचे, आज आठ परस झाली. मला वाटायचं, आठ माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढून उभी आहेत आणि सगळ्यात वर आमचे दादा आहेत. त्या दिवशी घरात सगळे जरा मोठ्यानं बोलायचे.

मग दुष्काळाची वर्षं लागली. लागोपाठ तीन विहिरी कोरड्या निघाल्या. काळा कातळ, त्याखाली आणखी कातळ. फुलंब्रीच्या बाजारात कुणीतरी बोलून गेलं, याच्या हाताला पाणी नाय. एवढंच. पण त्यानंतर दादांना बोलावणं येईना. पहार आणि घण दाराआड उभे राहिले. आई दुसऱ्यांच्या शेंगा फोडायला जाऊ लागली, आणि दादा, जे उन्हात कधी बसलेले मी पाहिले नव्हते, ते दिवसभर आपल्या तळहातांकडं बघत बसायचे. मी तेव्हा शहरात शिकत होते. आमच्या घरातलं कॉलेजात गेलेलं पहिलं माणूस मी. ते मी कधी लपवलं नाही, उलट कुणी विचारलं नाही तरी सांगते.

हे आधी सांगितलं, कारण मुनीरचाचांनी जे चित्र काढलं ते या तीन कोरड्या विहिरींवाचून कळायचं नाही.

मुनीरचाचा आमच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात नकाशे काढायला होते. हुद्दा ड्राफ्ट्समन. मी तिथं पीएच.डी.ला लागले तोवर शाईच्या पेनांचे दिवस संपले होते, नकाशे कॉम्प्युटरवर निघत होते. शाई वाळली तरी चाचांची खोली राहिली होती. वरच्या मजल्याच्या टोकाला, उत्तरेच्या मोठ्या खिडकीची. त्या खिडकीतून जळगाव रोडच्या बाजूनं वाढत चाललेलं शहर दिसायचं, अर्ध्या उभ्या इमारती, त्यांच्यावर वाळलेल्या पोत्यांचे पडदे. काचेवर चाचांनी ट्रेसिंग पेपर चिकटवलेले असायचे. उजेड त्यातून गाळून आत यायचा आणि दुधाच्या रंगाचा होऊन साचायचा. शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं, कूलर कोरडा फिरायचा, आणि मला मात्र ती खोली नेहमी भरलेली वाटायची. अजून आठवते ती तशीच. आत काठोकाठ पाणी आहे, आणि तळाशी एक उंच, बारीक, पांढऱ्या दाढीचा माणूस बसून पेन्सिलला टोक करतो आहे.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पुठ्ठ्याचा एक चौकोन असायचा. शास्त्राच्या जर्नलचं पान दोन रकान्यांचं असतं आणि एका रकान्याची रुंदी साधारण आठ सेंटीमीटर. चाचांनी पुठ्ठ्याला बरोबर तेवढं भोक पाडलं होतं. त्याला ते खिडकी म्हणायचे. आमच्या विभागातलेच नाही, इतर विभागांतले लोकही त्यांच्याकडं आपल्या आकृत्या घेऊन यायचे. तेव्हा त्रिमितीय आलेखांचं नवं वेड होतं. लांबी, रुंदी आणि उंची एकाच चित्रात, कॉम्प्युटरनं एका क्षणात काढून दिलेले डोंगर आणि दऱ्या, निळ्यापासून लालपर्यंत रंगवलेल्या. पानभर पसरायचे. जर्नलवाले म्हणायचे, लहान करा. लोक लहान करायचे, आणि मग त्यात मुंगीसारखे आकडे आणि एक रंगीत डाग एवढंच उरायचं.

चाचांना 'लहान' हा शब्दच चालत नव्हता. ते म्हणायचे, "छोटा नहीं करना, बेटा. नजदीक लाना."

चित्र समोर ठेवलं की ते खिशातून खिडकी काढून त्यावर ठेवायचे.  डोळे अर्धे मिटलेले, बोटं टेबलावर हळूहळू चालत असलेली. झोपलेत की बघतायत ते कळायचं नाही. मग चित्रातल्या एकेका गोष्टीवर बोट ठेवून विचारायचे, "ये मिटाया तो कौन रोएगा?" मागची भिंत, तिच्यावरच्या आडव्या-उभ्या रेघा, तीन ठिकाणी छापलेलं तेच नाव, बाजूचा रंगांचा पट्टा. समोरचा माणूस आधी वाद घालायचा, मग कबूल करायचा की कुणी रडणार नाही. चाचा ते खोडायचे. चहा निवेपर्यंत चित्राची फक्त हाडं राहिलेली असायची, आणि मग ते चित्र खिडकीत आपसूक मावायचं.

एकदा दुसऱ्या विभागातले एक मोठे प्राध्यापक आले. त्यांच्या चित्रात सोनेरी रंगाचे दोन खांब होते, त्रिमितीत उभे केलेले, सावली पडलेली, खाली फरशीही दाखवलेली. चाचांनी खिडकी ठेवली, उचलली, आणि अदबीनं म्हणाले, "साब, इसकू तस्वीर नक्को. एक जुमला बस है. पहले से दूसरा दुगना निकला." प्राध्यापक चित्राची गुंडाळी करून निघून गेले. जिन्यात आमच्या सरांना म्हणाले की तुमचा ड्राफ्ट्समन फार शहाणा झालाय. पुढं काही महिन्यांनी ते नानखटाईचा पुडा घेऊन पुन्हा आले. पेपर छापून आला होता. चित्र नव्हतं, एक वाक्य होतं. चाचांनी पुडा फोडला, सगळ्यांना वाटला आणि स्वतः एक तुकडा बशीतल्या चहात बुडवून इतका वेळ धरून ठेवला की तो चहातच विरघळून गेला. त्यांचं हे असंच चालायचं. कपातला अर्धा चहा ते बशीत ओतायचे, बशीतला प्यायचे आणि कपातला विसरायचे.

चाचांचे वडील हिमरू विणायचे. माग कधीच विकला गेला होता, पण चाचांच्या टेबलाच्या खणात तळहाताएवढा एक हिमरूचा तुकडा होता. नवा विद्यार्थी आला की त्याला तो दाखवायचा हा त्यांचा शिरस्ता. वरून गर्द निळ्यावर वेलबुट्टी, आणि उलटा केला की मागं सुट्या धाग्यांचा गुंताडा. मग ते म्हणायचे, "सामने फूल, पीछे धागे. धागे बी होना, उनके बगैर फूल नहीं टिकता. लेकिन तुम लोगां धागे कायकू सामने लाते?" ते बोलताना त्यांची बोटं टेबलावर चालायची तीही घरं मोजतच, असं मला पुढं कळलं. वडील आलेखाच्या कागदावर नक्षीची घरं मोजायचे, ती मोजणी मुलाच्या बोटांत राहून गेली होती. कॉम्प्युटर ते पन्नाशीनंतर शिकले. माऊस पेन्सिलीसारखा तिरपा धरायचे. पडद्यावरचा त्रिमितीय आलेख इतका सावकाश फिरवायचे की बघणाऱ्याला गुंगी यायची. कधी डावीकडून, कधी खालून, कधी अगदी जमिनीला डोळा लावल्यासारखं. म्हणायचे, हर तस्वीर में खडे रहने की एकच जगह रहती, तिथून सगळं दिसतं, बाकीच्या जागा फुकट.

माझं काम विहिरींचं होतं. फुलंब्रीच्या अलीकडं, रस्ता सोडून आत, आमच्या गावच्या ओढ्यालगतच्या अकरा विहिरी. दर मे महिन्यात त्यांत टेप सोडून पाणी किती खाली गेलं ते मोजायचं. माझ्याआधीच्या विद्यार्थ्यांनी पाच वर्षं मोजलं होतं, मी तीन वर्षं मोजलं. आठ उन्हाळे झाले. आठ उन्हाळ्यांचे मी आठ त्रिमितीय आलेख काढले आणि पेपर पाठवला. उत्तर आलं की विषय चांगला आहे, पण आकृत्यांनीच चार पानं खाल्ली आहेत. एकच आकृती ठेवा, एका रकान्याची, आणि महिन्याच्या आत परत पाठवा. नाही जमलं तर पेपर मागं घेतला असं समजू.

माझी पीएच.डी.ची मुदत त्याच उन्हाळ्यात संपत होती आणि छापलेल्या पेपराशिवाय प्रबंध घेत नव्हते. सर म्हणाले, चित्रं काढून टाक, आकडे तक्त्यात घाल, सुट. सरांचं बरोबर होतं. पण त्या आकड्यांत मला काहीतरी दिसल्यासारखं वाटत होतं. मधल्या एका वर्षी पाऊस चांगला झाला होता, तरी विहिरी वर आल्या नव्हत्या. का, ते मला दाखवता येत नव्हतं. तक्त्यात तर ते कुणाला दिसलंच नसतं. आणि त्या अकरांतल्या तीन विहिरी दादांनी खोदलेल्या होत्या, त्याच, कोरड्या निघालेल्या; त्या खोदायच्या आधीपासून तिथलं माप शेजारच्या जुन्या बोअरमधून घेतलं जायचं. सरांना मी हे सांगितलं नाही. चाचांना सांगितलं.

त्यांनी आठही कागद फरशीवर मांडायला लावले. त्यांच्याभोवती अनवाणी दोन फेऱ्या मारल्या. मग एका उंच लाल शिखराजवळ उकिडवे बसले आणि विचारलं, "बेटा, इस पहाड पे कौन रहता?"

मी म्हणाले, ते आमचं गाव. तिथल्या विहिरी सगळ्यात खोल गेल्यात.

"खोल गेल्यात, म्हणून टोक वर?"

मी खोली वरच्या दिशेनं काढली होती. आठ चित्रं काढली, वर्षभर बघितली, एकदाही मला ते खटकलं नव्हतं. सरांनाही नाही, त्यांनी आकडेच पाहिले होते. आता कुणी हसलं तरी चालेल, पण आमच्या घरात खोली चढतच जायची. आज सात परस, उद्या आठ परस. खोली ही दादांची कमाई होती, ती खाली जाते असं मला कधी वाटलंच नव्हतं. हे सगळं मी चाचांना सांगितलं, मान खाली घालून. ते हसले नाहीत. परस म्हणजे काय ते त्यांनी नीट विचारून घेतलं. मग खोलीच्या मधोमध उभे राहिले, दोन्ही हात वर केले आणि विचारलं, "इतना?" मी म्हणाले, तुम्ही उंच आहात, दादांचा परस याहून जरा आखूड. ते तसेच काही वेळ हात वर करून उभे राहिले, दुधाळ उजेडात, जणू कुणीतरी वरून दोर सोडणार आहे.

चित्रं सुलटी केली. डोंगरांच्या जागी खड्डे आले. मग चाचांना दुसरी खोट सापडली. कॉम्प्युटरनं प्रत्येक चित्र आपापल्या चौकटीत ताणून बसवलं होतं, त्यामुळं पहिल्या वर्षीचा बारका खड्डा आणि आठव्या वर्षीचं विवर सारखेच दिसत होते. "हर साल की टोपी अलग माप की सी दी तूने," ते म्हणाले. सगळ्यांना एकच माप लावलं. चित्रं खरी झाली, पण आठची आठच राहिली. खिडकीत आठही बसवून बघितली. एकेक चित्र नखाएवढं. ते काही जवळ आणणं नव्हतं.

दहा-बारा दिवस असेच गेले. मी तक्ता तयार करून ठेवला होता. चाचा रोज नवं काही करून बघायचे. शेवटी त्यांनी जुनी शाई पाण्यात भिजवून पातळ केली आणि प्रत्येक उन्हाळ्याची पाणीरेषा वेगवेगळ्या ट्रेसिंग पेपरवर हातानं उतरवली. आठ कागद एकावर एक काचेवर चिकटवले. त्यांच्यातून बाहेरचं शहर दिसत होतं, धूसर, क्रेनची मान, नव्या कॉलनीतल्या पाण्याच्या टाक्या. आठ उन्हाळे त्यावर तरंगत होते. सुंदर दिसत होतं, आणि त्यातून काहीच कळत नव्हतं.

त्या दिवशी दादा आले. ज्वारीचं पीठ आणि शेंगाची चटणी घेऊन. मी त्यांना वर आणलं. माझ्या शिकण्याच्या जागेत ते पहिल्यांदाच येत होते. चपला त्यांनी जिन्यातच काढल्या. चाचांनी स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. दादांची नजर खिडकीवर गेली.

"जाळं लावलंय का काय, माय?"

मी समजावून सांगायला लागले तर चाचांनी डोळ्यांनी थांबवलं. चित्र आधी पेपर न वाचलेल्या माणसाला दाखवायचं आणि आपण गप्प राहायचं, हा त्यांचा नियम होता. ते फक्त एवढंच म्हणाले की भाईसाब, तुमच्या शिवारातलं पाणी आहे, आठ उन्हाळ्यांचं, एकावर एक ठेवलेलं.

दादा उठून काचेजवळ गेले. कागदाला बोट न लावता, हवेतच बोट फिरवत बघू लागले. विहिरीत उतरताना ते असंच करायचे, आधी कातळाला हात न लावता नजरेनं चाचपायचे. एका जागी रेषा दाटून काळ्या झाल्या होत्या. तिथं बोट थांबलं.

"ह्यो वढा व्हय ना? हितं बाभळीचं वळण."

मी म्हणाले, हो.

"मंग बाकीचं रान कशापायी काढलंय? तिथं पाणी हालतच नाय. जे काय जातं-येतं ते वढ्याच्या अंगानं. आमी हीर खंदतो ती बी त्याच अंदाजानं."

चाचांची बशी ओठांपाशी थांबली. त्यांनी ती खाली ठेवली. "भाई, फिर से बोलो."

दादांनी पुन्हा सांगितलं, जरा संकोचून, आपलं काही चुकलं की काय असं वाटून. चाचा उठले आणि आठही ट्रेसिंग पेपर एकेक करून उतरवले. काच मोकळी झाली, खोलीत एकदम साधा उजेड आला. त्यांनी एक कोरा कागद घेतला. एक तिरपी रेघ काढली, ती ओढा. तिच्यावर अकरा ठिपके, त्या अकरा विहिरी. दुसऱ्या बाजूला आठ खुणा, ते आठ उन्हाळे. आणि खोली खाली. रानाची रुंदी त्यांनी काढूनच टाकली होती आणि तिच्या जागी वर्षं बसवली होती. मी आकडे वाचत गेले, ते ठिपके देत गेले. त्यांची बोटं मोजत होती, पेन्सिल चालत होती. दादा मागं उभे होते.

चाळीसेक मिनिटांत आठ चित्रांचं एक चित्र झालं.

त्यात एक खड्डा होता. पहिल्या वर्षी ओढ्याच्या शहराकडच्या टोकाला, बशीएवढा. दुसऱ्या वर्षी तो ओढ्यानं जरा वर, गावाकडं सरकलेला. पाऊस चांगला झाला त्या वर्षीही भरला नव्हता, फक्त थांबला होता. मग पुन्हा सरकत, रुंद होत, आठव्या वर्षी आमच्या गावाखाली पोचला होता. आठ वेगवेगळ्या पानांवर हे कधीच दिसलं नसतं. पाणी ज्या वाटेनं चालत गेलं ती वाटच समोर पडली होती.

चाचांनी शहराकडच्या टोकावर बोट ठेवलं आणि दादांना विचारलं, इथं काय आहे?

"टँकर भरत्यात तिथं," दादा म्हणाले. "नव्या कालन्या झाल्या ना, त्यांच्यासाठी. धा-बारा बोअर हायेत वळीनं."

मग त्यांनी आपल्या तीन विहिरींचे ठिपके मला विचारून घेतले. पाचवा, सहावा, सातवा. कोणत्या वर्षी खोदल्या ते त्यांना पाठ होतं. ते वर्ष आणि तो ठिपका जिथं मिळत होते तिथं त्यांनी तीन वेळा बोट ठेवून पाहिलं. तिथं खड्डा आधीच आलेला होता.

"म्हंजे म्या खंदाय लागलो तवा पाणी निघून गेल्यालं व्हतं."

"हौ भाई," चाचा म्हणाले. "आपके हाथ लगने से पहले."

दादा पुन्हा स्टुलावर बसले आणि गार झालेला चहा पिऊन टाकला. चाचा कोपऱ्यात जाऊन पेन्सिलला टोक करू लागले. तिला टोक होतंच.

पुढचा आठवडा चाचांनी ते चित्र पडद्यावर फिरवण्यात घालवला. वरून बघितलं तर जमीनच मधे यायची आणि खड्डा झाकायची. बाजूनं बघितलं तर वर्षं एकमेकांच्या आड जायची. एके दुपारी त्यांनी चित्र टँकरच्या टोकाकडून, खालून वर बघितल्यासारखं फिरवलं आणि हात माऊसवरून काढून घेतला. "पानी जिधर गया, उधर खडे रहके देखो," म्हणाले. सगळं दिसत होतं. मग पुसणं सुरू झालं. चौकट गेली. तिन्ही भिंती गेल्या. रंग गेले, त्यांच्या जागी राखाडीच्या चार छटा आल्या. विहिरींची नावं गेली, आकडे राहिले. चित्र खिडकीत ठेवलं, मावलं, आणि दारातून बघितलं तरी वाचता येत होतं.

एकच गोष्ट त्यांनी नव्यानं घातली. खोलीचं माप म्हणून चित्राच्या कोपऱ्यात, भाताच्या दाण्याएवढा, हात वर केलेला एक माणूस.

सरांनी शेवटचं चित्र पाहिलं तेव्हा ते खूश झाले, पण त्या माणसावर त्यांनी पेन टेकवलं. मीटरची पट्टी पुरे, हा काढा, म्हणाले, जर्नलचे परीक्षक हसतील. चाचांनी काही वाद घातला नाही. खोडरबर उचलला, माझ्याकडं बघितलं आणि नेहमीसारखंच, जराही आवाज न चढवता विचारलं, "ये मिटाया तो कौन रोएगा?"

मी म्हणाले, मी रडेन.

सर माझ्याकडं बघत राहिले. मी त्यांना त्या तीन विहिरींबद्दल सांगितलं, उभ्या उभ्या, जसं सुचलं तसं. सरांनी पेनाचं टोपण लावलं. मीटरची पट्टी माणसाच्या शेजारी काढा, दोन्ही राहू द्या, म्हणाले आणि गेले. मुदतीला तीन दिवस असताना पेपर परत पाठवला. चाचांचं नाव मी आभारात चार ओळींत लिहिलं होतं. ते त्यांनी वाचलं, खिडकी ठेवली आणि तीन ओळी पुसून टाकल्या.

चाचा त्या पावसाळ्यात निवृत्त झाले. खोली कॉम्प्युटरच्या नव्या लॅबला दिली गेली, खिडकीला पडदे लागले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कॉलेजात नाही, आमच्या गावात. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता. दिवाळीनंतर एका सकाळी ते एस.टी.नं आले, हातात काही नाही, इस्त्रीचा सदरा, खिशात पुठ्ठा. म्हणाले, मेरेकू नंबर सहा देखना है. सहा नंबरची विहीर म्हणजे कोरड्या तिघींतली मधली. दादा पुढं चालले, आम्ही मागून. ओढ्याच्या बाभळीच्या वळणावर चाचा थांबले, इकडंतिकडं बघितलं आणि मान हलवली, ओळखीच्या गल्लीत आल्यासारखी.

विहिरीच्या तळाला परसभर पाणी होतं. एवढंच, पण होतं. चाचांनी चपला काढून शेजारी नीट जोडीनं ठेवल्या, काठावर पोटावर पडले आणि खिशातून खिडकी काढून डोळ्यासमोर धरली. दादा त्यांचे पाय धरून बसले, माणूस विहिरीत वाकला की त्याचे पाय धरायचे ही त्यांची जुनी सवय. बराच वेळ गेला. रानात कुठं मोटारीचा आवाज नव्हता. मला वाटलं ते नेहमीसारखे झोपेत आहेत.

मग खालून, घुमल्यासारखा, त्यांचा आवाज आला. "बेटा, पूरा आसमान आ गया इसमें."

मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. माझ्या जागेवरून मला फक्त पुठ्ठा दिसला, आणि त्याच्या मागं पांढरी दाढी.

पेपर छापून आला. चार पानं, एक आकृती, रुंदी आठ सेंटीमीटर. तीत अकरा विहिरी आहेत, आठ उन्हाळे आहेत आणि हात वर केलेला एक माणूस आहे. मला पीएच.डी. मिळाली. दादांनी ती आकृती कापून घेतली. ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घडी न घालता मावते. पिठाच्या गिरणीवर, बाजारात, कुणी जुना विषय काढला की ते ती काढून दाखवतात, आणि त्या हिवाळ्यापासून त्यांना पुन्हा विहिरींवर बोलावणं येऊ लागलं.